पहिल्या हृदयरोपणाचे तीन तास

१६ फेब्रुवारी १९६८ रोजी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले हृदयरोपण केले. केप टाऊनमध्ये डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी जगातले पहिले हृदयरोपण केल्याला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. डॉ. सेन यांची शस्त्रक्रिया जगातली सहावी होती आणि असे धाडस करणारे ते चौथे शल्यविशारद होते. रुग्ण मात्र सुमारे तीन तासच जगला.

बर्नार्ड यांची बातमी वाचून घाईने केलेला हा प्रयोग नव्हता. १९१५ मध्ये कोलकात्यात जन्मलेले सेन मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि पुढे केईएममध्येच त्यांनी हृदयशस्त्रक्रियेचा विभाग उभा केला. १९४९ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले. परतल्यावर अरुंद झालेली झडप मोकळी करणे, शरीर थंड करून हृदय उघडणे अशा शस्त्रक्रिया त्यांनी येथे सुरू केल्या. हृदयरोपणाचा सराव त्यांच्या चमूने प्रयोगशाळेत कुत्र्यांवर कित्येक वर्षे केला होता. मूत्रपिंडरोपणाचा प्रयत्नही केईएममध्ये १९६५ मध्येच झाला होता.

त्यांची संशोधक दृष्टी आणखी एका प्रयोगात दिसते. सापाच्या हृदयाच्या स्नायूला बरेचसे रक्त थेट हृदयाच्या कप्प्यातूनच, स्पंजासारख्या पोकळ्यांमधून मिळते. मग माणसाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या, तर स्नायूला सुईने बारीक छिद्रे पाडून तसेच रक्त पोहोचवता येईल का, असा विचार सेन यांनी केला. डॉ. उडवाडिया, डॉ. किणरे आणि डॉ. परुळकर यांच्यासह त्यांनी ही कल्पना १९६५ मध्ये शोधनिबंधातून मांडली. पुढे इतर देशांत सुईच्या जागी लेसर वापरून हाच मार्ग चोखाळला गेला.

मग रोपण का फसले? हृदय दीर्घकाळ निकामी राहिले की फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब वाढतो. रुग्णाच्या जुन्या हृदयाच्या उजव्या बाजूला त्या दाबाची हळूहळू सवय झालेली असते. निरोगी दात्याच्या हृदयाला ती नसते, त्यामुळे नवे हृदय थकते. आज रोपणाआधी हा दाब मोजतातच. सप्टेंबर १९६८ मध्ये सेन यांनी दुसरे रोपण केले. तो रुग्णही दिवसभर जगला नाही. त्यानंतर ते थांबले.

त्या एका वर्षात जगभर शंभरावर हृदये बदलली गेली आणि बहुतेक रुग्ण काही दिवसांत किंवा महिन्यांत दगावले. शरीर परके हृदय नाकारत होते आणि तो नकार आवरणारे सायक्लोस्पोरिन वापरात यायला १९८०चे दशक उजाडले. डॉ. सेन १९८२ मध्ये निवर्तले.

दुसरी अडचण कायद्याची होती. हृदय थांबले की मृत्यू, एवढीच व्याख्या तेव्हा रूढ होती. मेंदू कायमचा बंद पडला की माणूस मृत मानावा, हे निकष हार्वर्डच्या समितीने मांडले ते ऑगस्ट १९६८ मध्ये, म्हणजे सेन यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी. भारतात मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा १९९४ मध्ये झाला. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातले पहिले यशस्वी हृदयरोपण केले. दोन तारखांमध्ये सव्वीस वर्षांचे अंतर आहे.

आज मेंदूमृत्यू ठरवताना चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. काढलेले हृदय साधारण चार तासांत दुसऱ्या छातीत धडधडायला हवे. मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरला समन्वय केंद्र आहे. परभणीतल्या एखाद्या घरावर अपघाताचा घाला पडतो, व्हेंटिलेटरवरच्या माणसाची छाती हलत असते आणि डॉक्टर मात्र मृत्यू झाल्याचे सांगतात. त्या क्षणी हा फरक नातेवाइकांना आधीपासून ठाऊक असेल, तरच संमती देता येते. म्हणून आपली इच्छा घरात बोलून ठेवावी.