एग्लंटाइन जेब

एग्लंटाइन जेब (२५ ऑगस्ट १८७६ – १७ डिसेंबर १९२८) या ब्रिटिश समाजसुधारक होत्या. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातील उपासमारग्रस्त मुलांच्या मदतीसाठी १९१९ मध्ये स्थापन झालेल्या सेव्ह द चिल्ड्रन फंड या संस्थेच्या त्या सहसंस्थापक होत. १९२३ मध्ये त्यांनी बालकांच्या हक्कांच्या पंचकलमी घोषणापत्राचा मसुदा तयार केला. राष्ट्रसंघाने १९२४ मध्ये स्वीकारलेले हे घोषणापत्र जिनिव्हा घोषणापत्र या नावाने ओळखले जाते. बालकांच्या हक्कांना आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्यता देणारा हा पहिला दस्तऐवज मानला जातो. शत्रुराष्ट्रातील मुलांनाही मदतीचा समान अधिकार आहे ही भूमिका त्यांनी युद्धज्वर ओसरला नसताना मांडली आणि तिच्या प्रसारासाठी वृत्तपत्रे, छायाचित्रे, चित्रपट व नभोवाणी या तत्कालीन सर्व माध्यमांचा वापर केला.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

जेब यांचा जन्म इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यातील एल्समिअर येथे एका सधन जमीनदार कुटुंबात झाला. 'द लिथ' या कौटुंबिक वाड्यात त्यांचे बालपण गेले. त्यांचे वडील आर्थर ट्रेव्हर जेब हे बॅरिस्टर होते. त्यांची आई एग्लंटाइन लुइझा यांनी ग्रामीण भागातील तरुणांना हस्तकलांचे शिक्षण मिळावे म्हणून एक संस्था स्थापन केली होती. समाजकार्याची ही परंपरा पुढच्या पिढीतही चालू राहिली. थोरली बहीण लुइझा हिने पहिल्या महायुद्धाच्या काळात स्त्रियांना शेतीकामासाठी संघटित करण्यात भाग घेतला. धाकटी बहीण डोरोथी ही पुढे एग्लंटाइन यांची सर्वांत जवळची सहकारी झाली.

मुलींनी विद्यापीठात शिकावे हे वडिलांना फारसे पसंत नव्हते. परंतु आत्याच्या प्रोत्साहनामुळे जेब यांनी १८९५ मध्ये ऑक्सफर्ड येथील लेडी मार्गारेट हॉलमध्ये प्रवेश घेतला आणि इतिहास विषयाचा अभ्यास केला. त्यानंतर शिक्षक-प्रशिक्षण घेऊन त्यांनी मार्लबरो येथील प्राथमिक शाळेत अल्पकाळ अध्यापन केले. सामान्य घरांतील मुलांचे दैनंदिन जीवन त्यांना या शाळेत जवळून पाहता आले. मात्र प्रकृती साथ देत नव्हती आणि अध्यापन हा आपला पिंड नव्हे असेही त्यांना वाटू लागले, म्हणून त्यांनी ती नोकरी सोडली. बालकांच्या हक्कांसाठी ख्यातनाम झालेल्या जेब अविवाहित राहिल्या. मुलांच्या सहवासात त्या विशेष रमत नसत, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात.

केंब्रिजमधील कार्य

आईसोबत जेब केंब्रिज येथे राहावयास गेल्या. त्यांचे मामा रिचर्ड क्लेव्हरहाउस जेब हे तेथे ग्रीक भाषेचे प्राध्यापक होते. केंब्रिजमध्ये त्यांनी चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी या संस्थेचे काम सुरू केले. दानधर्म भावनेच्या भरात न करता गरजेची चौकशी करून व नोंदी ठेवून करावा, असा या संस्थेचा आग्रह होता. या कामातून जेब यांनी शहरातील दारिद्र्य, घरे, शिक्षण व रोजगार यांची पाहणी केली आणि त्यावर आधारित ग्रंथ १९०६ मध्ये प्रसिद्ध केला. शाळा सोडणाऱ्या मुलांना योग्य काम मिळावे म्हणून चालविलेल्या रोजगार नोंदणी कार्यालयाच्या कामातही त्यांचा सहभाग होता. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांच्या आई फ्लॉरेन्स व बहीण मार्गारेट या दोघी या कामात त्यांच्या सहकारी होत्या. आधी माहिती, मग मदत ही त्यांच्या पुढील कार्याची पद्धत येथेच घडली.

१९१३ मध्ये बाल्कन युद्धांनंतरच्या मदतकार्यासाठी मॅसेडोनियन रिलीफ फंडाच्या वतीने त्या मॅसेडोनियात गेल्या. तेथील निर्वासितांची स्थिती पाहून परतल्यावर त्यांनी निधीसाठी ठिकठिकाणी व्याख्याने दिली. युद्धाची सर्वाधिक झळ युद्धाशी काहीही संबंध नसलेल्यांना बसते, हा अनुभव त्यांना या प्रवासात आला.

युद्धकाळ व नाकेबंदी

पहिल्या महायुद्धाच्या काळात डोरोथी यांनी सरकारची परवानगी मिळवून शत्रुराष्ट्रांसह युरोपातील अनेक देशांची वृत्तपत्रे मागविली. डोरोथी यांचा विवाह राजकारणी चार्ल्स रॉडन बक्स्टन यांच्याशी झाला होता. परदेशी वृत्तपत्रांतील मजकुराचे इंग्रजी अनुवाद 'केंब्रिज मॅगझिन' या साप्ताहिकात प्रसिद्ध होऊ लागले. अनुवादाच्या या कामात एग्लंटाइनही सहभागी झाल्या. ब्रिटिश वृत्तपत्रांत सहसा न येणाऱ्या बातम्या, विशेषतः जर्मनी व ऑस्ट्रियातील सामान्य जनतेच्या हालअपेष्टा, या अनुवादांतून वाचकांपर्यंत पोहोचत होत्या.

नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्धविराम झाला, तरी तहाच्या अटी मान्य होईपर्यंत दोस्त राष्ट्रांनी जर्मनी व ऑस्ट्रियाची नाकेबंदी चालूच ठेवली. अन्नाच्या टंचाईमुळे तेथील मुलांमध्ये कुपोषण, क्षय व मुडदूस यांचे प्रमाण वाढले. या धोरणाच्या विरोधात जानेवारी १९१९ मध्ये लंडन येथे फाइट द फॅमिन कौन्सिल ही संघटना स्थापन झाली. जेब भगिनी तिच्या प्रमुख कार्यकर्त्या होत्या.

ट्रॅफलगार चौकातील अटक

१९१९ च्या वसंत ऋतूत एग्लंटाइन यांनी लंडनमधील ट्रॅफलगार चौकात उपाशी ऑस्ट्रियन बालकाचे छायाचित्र असलेली पत्रके वाटली. बालकाच्या या अवस्थेस ब्रिटनची नाकेबंदी कारणीभूत असल्याचे त्या पत्रकात म्हटले होते. युद्धकालीन संरक्षण कायद्यानुसार अशी पत्रके छापण्यापूर्वी सरकारी तपासणीसाठी सादर करणे बंधनकारक होते. ती सादर न केल्याबद्दल जेब यांना अटक झाली. सहकारी बार्बरा एअर्टन गूल्ड यांच्यावरही खटला भरण्यात आला.

मे १९१९ मध्ये लंडनच्या मॅन्शन हाउस येथील न्यायालयात या खटल्याची सुनावणी झाली. जेब यांनी स्वतःच आपली बाजू मांडली. कायद्याचा भंग झाल्याचे सिद्ध झाले आणि त्यांना पाच पौंड दंड करण्यात आला. सरकारी वकील सर आर्चिबाल्ड बॉडकिन यांनी खटल्यानंतर स्वतःच्या खिशातून पाच पौंडांची नोट जेब यांना दिली आणि तीच सेव्ह द चिल्ड्रनची पहिली देणगी ठरली, असे संस्थेच्या इतिहासात सांगितले जाते. खटल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्यामुळे मुलांचा प्रश्न पत्रकांपेक्षा कितीतरी अधिक लोकांपर्यंत पोहोचला.

सेव्ह द चिल्ड्रन फंड

१९ मे १९१९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेल्या जाहीर सभेत सेव्ह द चिल्ड्रन फंडाची घोषणा करण्यात आली. नाकेबंदीविरुद्धची राजकीय मोहीम व मुलांसाठीचे मदतकार्य यांची फारकत करणे हा या स्थापनेमागील विचार होता. सरकारच्या धोरणाशी असहमत असलेले व सहमत असलेले असे दोन्ही प्रकारचे लोक उपाशी मुलासाठी एकत्र येऊ शकतील, अशी भगिनींची अपेक्षा होती. पुढे डोरोथी राजकीय कार्याकडे वळल्या आणि फंडाची धुरा एग्लंटाइन यांच्याकडे आली.

वेगवेगळ्या गटांचा पाठिंबा मिळविण्यात त्यांना यश आले. खाणकामगारांचे नेते रॉबर्ट स्मायली यांनी त्यांना साहाय्य केले. १९१९ च्या अखेरीस पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी मध्य युरोपातील मुलांसाठी जगभरातील कॅथलिक चर्चमध्ये २८ डिसेंबर रोजी निधी गोळा करण्याचे आवाहन केले. जेब यांनी रोम येथे जाऊन त्यांची भेट घेतली. पोप यांच्या १ डिसेंबर १९२० च्या परिपत्रकात सेव्ह द चिल्ड्रन फंडाचा नावानिशी उल्लेख आहे. ६ जानेवारी १९२० रोजी जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय सेव्ह द चिल्ड्रन युनियन स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीचा तिला आश्रय होता, तर समितीशी संबंधित असलेल्या सुझान फेरिएर या जेब यांच्या निकटच्या सहकारी बनल्या.

प्रसिद्धीची कार्यपद्धती

मदतकार्याइतकेच प्रसिद्धीचे कामही व्यावसायिक शिस्तीने झाले पाहिजे, असे जेब यांचे मत होते. फंडाने राष्ट्रीय वृत्तपत्रांत पूर्ण पानाच्या जाहिराती दिल्या. धर्मादाय संस्थेने जाहिरातींवर एवढा खर्च करावा ही कल्पना त्या काळी धाडसी होती. १९२० पासून संस्थेने स्वतःचे नियतकालिक चालविले. पुढे ते 'द वर्ल्ड्स चिल्ड्रन' या नावाने प्रसिद्ध होऊ लागले. विशिष्ट मुलाच्या पालनपोषणाचा खर्च देणगीदाराने उचलावा, अशी योजनाही सुरू करण्यात आली. दूरदेशीच्या संकटाला एका मुलाचे नाव व चेहरा मिळाल्याने देणगीदाराचा संबंध टिकून राहत असे.

१९२१ मध्ये रशियात व्होल्गा नदीच्या खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला. फंडाने साराटोव्ह प्रांतात मुलांसाठी अन्नछत्रे उघडली. सप्टेंबर १९२१ मध्ये 'टॉर्सेलो' हे जहाज सुमारे ६०० टन अन्न व अन्य साहित्य घेऊन लंडनहून रवाना झाले. बोल्शेविक राजवटीखालील देशाला मदत करण्यास ब्रिटनमध्ये तीव्र विरोध होता आणि काही वृत्तपत्रांनी दुष्काळाच्या बातम्यांवरच शंका घेतली. तेव्हा संस्थेने वृत्तछायाचित्रकार जॉर्ज म्यूझ यांना दुष्काळी भागात पाठवून चित्रपट तयार करविला. गावोगावी त्याचे खेळ लावण्यात आले. दुष्काळ खरा आहे आणि देणगीतून आलेले अन्न मुलांपर्यंत पोहोचत आहे, या दोन्ही गोष्टी प्रेक्षकांना पडद्यावर पाहता आल्या.

बालकांच्या हक्कांचे घोषणापत्र

संकट ओसरले की देणग्या आटतात आणि मुलांचा प्रश्न मात्र कायम राहतो, हे जेब यांच्या लक्षात आले होते. मुलांचे पोषण व संरक्षण दात्यांच्या दयेवर न सोडता ते समाजाचे कर्तव्य म्हणून मान्य व्हावे, यासाठी त्यांनी जिनिव्हा येथे एक संक्षिप्त घोषणापत्र तयार केले. शहराजवळील साल्हेव्ह डोंगरावर त्यांनी हा मसुदा लिहिला, अशी आख्यायिका आहे. आंतरराष्ट्रीय युनियनने तो १९२३ मध्ये स्वीकारला.

घोषणापत्रात केवळ पाच कलमे आहेत. त्यांचा आशय पुढीलप्रमाणे आहे:

१. मुलाच्या शारीरिक व आत्मिक वाढीसाठी आवश्यक साधने त्याला मिळाली पाहिजेत.
२. भुकेल्या मुलाला अन्न, आजाऱ्याला शुश्रूषा, मागे पडलेल्याला साहाय्य, वाट चुकलेल्याला सुधारण्याची संधी आणि अनाथाला आसरा मिळाला पाहिजे.
३. संकटकाळी मदत सर्वप्रथम मुलांपर्यंत पोहोचली पाहिजे.
४. मुलाला उपजीविकेसाठी सक्षम केले पाहिजे आणि सर्व प्रकारच्या शोषणापासून त्याचे संरक्षण झाले पाहिजे.
५. आपले गुण मानवबांधवांच्या सेवेसाठी आहेत, या जाणिवेने मुलाचे संगोपन झाले पाहिजे.

वंश, राष्ट्रीयत्व व धर्म यांच्या पलीकडे जाऊन ही कर्तव्ये मान्य करावीत, असे प्रास्ताविकात नमूद आहे. मजकूर आटोपशीर असल्यामुळे त्याचे अनेक भाषांत अनुवाद झाले आणि तो भित्तिपत्रकांवर छापणेही सुकर झाले. रेड क्रॉस समितीचे अध्यक्ष गुस्ताव्ह आडोर यांनी १९२३ मध्ये पॅरिस येथील आयफेल टॉवरवरील नभोवाणी केंद्रावरून त्याचे वाचन केले. २६ सप्टेंबर १९२४ रोजी राष्ट्रसंघाच्या पाचव्या सर्वसाधारण सभेने हे घोषणापत्र स्वीकारले. सदस्य राष्ट्रांवर ते कायद्याने बंधनकारक नव्हते.

अखेरची वर्षे

राष्ट्रसंघाच्या बालकल्याणविषयक सल्लागार समितीवर जेब यांनी काम केले. १९२५ मध्ये जिनिव्हा येथे बालकल्याणविषयक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. युरोपबाहेरील मुलांच्या प्रश्नांकडेही त्यांचे लक्ष वळले होते. आफ्रिकी मुलांविषयीची परिषद मात्र त्यांच्या निधनानंतर १९३१ मध्ये जिनिव्हा येथे झाली. गलग्रंथीच्या विकाराने त्या दीर्घकाळ त्रस्त होत्या. १७ डिसेंबर १९२८ रोजी वयाच्या ५२ व्या वर्षी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले आणि तेथेच त्यांचे दफन करण्यात आले. २०२४ मध्ये त्यांचे अवशेष जिनिव्हातील मान्यवरांसाठी राखीव असलेल्या सिमेतिएर दे र्वा या दफनभूमीत हलविण्यात आले.

मूल्यमापन व वारसा

जिनिव्हा घोषणापत्रात मुलाकडे प्रामुख्याने संरक्षणाचा लाभार्थी म्हणून पाहिले आहे. मुलाला स्वतःचे मत मांडण्याचा अधिकार असावा, हा विचार त्यात आढळत नाही. तसेच उपाशी मुलांच्या छायाचित्रांमधून निधी उभारण्याच्या पद्धतीवर पुढील काळात मदत संस्थांमध्येच मोठी चर्चा झाली. अशा चित्रणामुळे मदत मिळते, परंतु मुलाची प्रतिष्ठा जपली जात नाही, असा आक्षेप घेतला जातो. दयेचे आवाहन करणारे छायाचित्र आणि हक्काची मागणी करणारे घोषणापत्र, ही दोन्ही जेब यांच्याच कार्याची अंगे होत.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० नोव्हेंबर १९५९ रोजी दहा तत्त्वांचे बालहक्क घोषणापत्र आणि २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता स्वीकारली. संहितेने मुलाचे मत विचारात घेण्याचा हक्क मान्य केला आणि सहभागी राष्ट्रांवर कायदेशीर जबाबदारी टाकली. भारत डिसेंबर १९९२ मध्ये या संहितेत सहभागी झाला.

डोरोथी बक्स्टन व एडवर्ड फुलर यांनी लिहिलेले 'द व्हाइट फ्लेम' हे जेब यांच्यावरील पुस्तक १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. फ्रान्सेस्का विल्सन यांनी १९६७ मध्ये, तर क्लेअर मली यांनी २००९ मध्ये त्यांचे चरित्र लिहिले. चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत १७ डिसेंबर हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ राखून ठेवला आहे. त्यांनी स्थापन केलेली संस्था आज जगातील अनेक देशांत कार्यरत आहे.