पांझरेची मुदत : सर विश्वेश्वरय्या

साक्री तालुक्यातून येऊन, धुळ्यातून वाहत, शेवटी आपल्या शिंदखेडा तालुक्यात मुडावदला तापीच्या कुशीत शिरणारी पांझरा उन्हाळ्यात इतकी मरगळलेली असते, की या नदीने कधी कोणा मोठ्या माणसाची परीक्षा घेतली असेल असे पाहणाऱ्याच्या मनातही येऊ नये. पण ज्यांच्या जन्मदिवशी, १५ सप्टेंबरला, सारा देश अभियंता दिन पाळतो, त्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या उमेदवारीच्या काळातील पहिली कसोटी या पांझरेच्याच पात्रात लागली. म्हैसूरचे दिवाण, भारतरत्न, धरणांचे शिल्पकार म्हणून ते आपल्याला माहीत असतात. मुदत मागणारा आणि ती नाकारली गेलेला एक तरुण साहाय्यक अभियंता म्हणून त्यांची ओळख मात्र खानदेशातही फारशी कोणाला नाही.

त्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळीचा. वडील संस्कृतचे पंडित. ते लवकर गेले. बंगळूरला शिकवण्या करून त्यांनी पदवी मिळवली. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले आणि १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांची नेमणूक झाली. आधी नाशिक, आणि मग खानदेश.

खानदेशात त्यांच्याकडे काम आले ते दातर्तीचे. पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळ टाकून पाटाचे पाणी पलीकडे न्यायचे होते. अलीकडे पाणी नळात उतरते, नदीच्या तळाखालून जाते आणि पलीकडच्या काठावर आपल्याच दाबाने पुन्हा वर येते. कागदावर हे सोपे आहे. पण काम चालू असतानाच पाऊस सुरू झाला. आज खणावे आणि उद्या पुराने ते वाळूने भरून टाकावे, असा प्रकार झाला. विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठांना कळवले, की हे काम पावसाळ्यानंतर करावे. वरिष्ठांना ते रुचले नाही. नवा माणूस काम टाळतो आहे असा अर्थ त्यांनी लावला आणि तसे लेखी सुनावले. नोकरी जेमतेम सुरू झालेली, आणि दप्तरात असा शेरा! विश्वेश्वरय्यांनी वाद घातला नाही. काम पुरे करतो असे कळवून ते पुन्हा नदीत उतरले आणि पावसाळ्यातच त्यांनी ते तडीस नेले.

ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मला तिच्यातली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. मुदत मागणाऱ्याचे म्हणणे चूक नव्हते. दोन तारखा होत्या : एक कचेरीने ठरवलेली, दुसरी पावसाने ठरवलेली. दप्तरात नोंद होती ती फक्त पहिलीची.

याच सुमारास अमेरिकेत हेन्री गँट नावाचा तरुण तंत्रज्ञ वाढत होता. पुढे पहिल्या महायुद्धाच्या आसपास त्याचा पट्ट्यांचा तक्ता गाजला : डावीकडे कामांची नावे, वर तारखा, आणि प्रत्येक कामापुढे आरंभापासून मुदतीपर्यंत एक आडवी पट्टी. आज पॉवर बीआय किंवा टॅब्लो यांसारख्या सॉफ्टवेअरवर कचेऱ्यांतून हाच तक्ता काढतात. त्यात ‘आज’ची उभी रेघ असते, ती ओलांडूनही अपुरे राहिलेले काम लाल दिसते. तक्ता देखणा असतो, पण त्याचा खरेपणा त्याखालच्या रकान्यांवर अवलंबून. मुदत वाढली की जुनी तारीख पुसून नवी लिहायची, असे केले की उशीर नाहीसाच होतो. मूळ मुदत, सुधारित मुदत आणि प्रत्यक्ष पूर्तता असे तीन रकाने हवेत. आणि मुदत का वाढली याचा चौथा. दातर्तीच्या कामात या चौथ्या रकान्यात ‘पूर’ एवढा एकच शब्द पुरला असता.

विश्वेश्वरय्यांची पुढची कामे पाहिली तर नदीची तारीख त्यांनी कधीच दुर्लक्षिली नाही असे दिसते. सिंधमध्ये सक्करला त्यांनी पाणीपुरवठ्याची योजना केली. १९०३ मध्ये खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले; पाणी ठरावीक पातळीला पोचले की ते आपोआप उघडत आणि पाणी उतरले की मिटत. पुराने कधी यावे हे माणसाने ठरवायचे नाही, त्याच्यासाठी तयार राहायचे, ही त्यामागची दृष्टी. नीरा कालव्यावर त्यांनी गटपद्धती आणली. विखुरलेल्या शेतांना पाणी देण्याऐवजी जमिनीचे गट पाडून पिके आणि पाण्याच्या पाळ्या फिरत्या ठेवल्या. सुरुवातीला शेतकऱ्यांनी विरोध केला. हे वाचताना आपल्या पांझरेवरच्या फडांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. तिथे बंधारे बांधून, एका फडात एकच पीक घेऊन, पाटकऱ्याच्या देखरेखीखाली पाळी सांभाळण्याची रीत विश्वेश्वरय्यांच्या कितीतरी आधीची आहे. तक्ता नव्हता, पाळी सगळ्यांना तोंडपाठ होती.

१९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९११ मध्ये कावेरीवर कृष्णराजसागराचे काम निघाले. इथे मुदत पुन्हा आडवी आली. कोलारच्या सोन्याच्या खाणींना वाढीव वीज द्यायची, तर धरणाचा पहिला टप्पा १९१५ च्या पावसाळ्यापर्यंत उभा राहायला हवा होता. हजारो मजूर लागले, हिवतापाने माणसे हैराण झाली, रात्री मोठ्या दिव्यांच्या उजेडात काम चालले, आणि टप्पा वेळेत उभा राहिला. याचे श्रेय विश्वेश्वरय्यांना मिळते ते योग्यच आहे. पण चिखलात रात्र काढणाऱ्या त्या मजुरांची नावे कोणत्या तक्त्यात नाहीत, आणि दातर्तीला वाळू उपसणाऱ्यांचीही नाहीत.

१९१२ पासून १९१८ पर्यंत ते दिवाण होते. १९३४ मध्ये त्यांनी ग्रंथ लिहून साऱ्या देशासाठीच दहा वर्षांची मुदत मांडली : तेवढ्या काळात राष्ट्राचे उत्पन्न दुप्पट करायचे. १९५५ मध्ये भारतरत्न मिळाले, शताब्दीनिमित्त १५ सप्टेंबर १९६० रोजी त्यांच्या हयातीतच टपाल तिकीट निघाले आणि एप्रिल १९६२ मध्ये ते गेले.

पांझरेवरच्या अक्कलपाड्याच्या प्रकल्पाचे लोकार्पण १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळ्यात झाले. त्याच दिवशी आपल्या तालुक्यातल्या सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा योजनेची पायाभरणी झाली. तापीच्या पुराचे ९.२४ टीएमसी पाणी पावसाळ्याच्या १२४ दिवसांत उचलायचे, अशी तिची आखणी आहे. या एका योजनेत तरी पावसाची तारीख आधीच लिहून ठेवलेली आहे.