राज्य गेले, ग्रंथ राहिले

सरकारी नोकरीच्या निमित्ताने आम्ही एकदा तंजावरला गेलो असता बृहदीश्वराच्या दर्शनास गेलो. चोळ राजांनी उभारलेल्या त्या प्रचंड देवालयाच्या आवारात, तमिळ शिलालेखांच्या सान्निध्यात, भिंतीवर चक्क मराठी अक्षरे दिसली आणि आम्ही स्तब्ध झालो. भोसले घराण्याचा सविस्तर इतिहास सांगणारा हा विस्तीर्ण लेख १८०३ साली कोरला गेला. तो कोरविणारे सरफोजी राजे (दुसरे) यांची ओळख मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकात करून द्यावी, असे आमच्या मनाने तेव्हाच घेतले.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावरला मराठी राज्य स्थापिले. त्याच वंशातील तुळजाजी राजांनी १७८७ साली मृत्यूपूर्वी दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले. परंतु शास्त्राधारे दत्तकविधान अमान्य ठरवून अमरसिंहांना गादी देण्यात आली आणि हा मुलगा पोरका झाला. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी त्याचा सांभाळ केला व मद्रासला त्याच्या शिक्षणाची सोय झाली. पुढे इंग्रजांनी निर्णय फिरवून १७९८ मध्ये सरफोजींना सिंहासनावर बसविले खरे. पण दुसऱ्याच वर्षी तह होऊन राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांच्या हाती उरला तो किल्ला, तनखा आणि वसुलाचा पाचवा हिस्सा.

अशा स्थितीत दुसरा एखादा विलासात बुडाला असता. सरफोजींनी मात्र ग्रंथालय हेच आपले राज्य मानले. पूर्वजांकडून आलेला सरस्वती महालातील संग्रह त्यांनी कैक पटींनी वाढविला. १८२० ते १८२२ या काळातील काशीयात्रेतही पुण्यसंचयाबरोबर ग्रंथसंचय चालूच होता. युरोपातून हजारो पुस्तके मागविली. त्यांतील अनेकांवर राजांची इंग्रजी स्वाक्षरी आजही पाहावयास मिळते.

धन्वंतरी महालात वैद्य व हकीम यांच्याबरोबर पाश्चात्त्य वैद्यकाचे जाणकारही काम करीत. तेथील नेत्ररुग्णांच्या नोंदी, रोगग्रस्त डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, जतन झाल्या आहेत. १८०५ च्या सुमारास राजांनी देवनागरी मुद्रणालय काढले व इसापाच्या नीतिकथा 'बालबोध मुक्तावली' या नावाने मराठीत छापविल्या. मुंबईत 'दर्पण' निघाले ते १८३२ च्या जानेवारीत, हे लक्षात घेता या उद्योगाचे मोल कळते. 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नाटकात तर त्यांनी तमिळ नाट्यप्रकाराच्या साच्यात पृथ्वीचा भूगोल शिकविला! कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणारी भटकी स्त्री. देशोदेशींची माहिती तिच्या मुखातून येते.

इंग्रजांच्या नेपोलियनवरील विजयाप्रीत्यर्थ राजांनी समुद्रकाठी मनोरा बांधला, हे वाचून आमच्या मनाला किंचित टोचले. पण ज्यांच्या मर्जीवर गादी टिकून होती, त्यांच्याशी त्यांना जुळवून घ्यावे लागले. श्वार्ट्झ यांच्याविषयीची त्यांची भक्ती मात्र निर्व्याज होती. गुरूच्या स्मारकासाठी त्यांनी इंग्रजीत पद्यलेख रचला. धर्म मात्र आपलाच पाळला.

७ मार्च १८३२ रोजी राजे निवर्तले. १८५५ मध्ये पुत्र शिवाजी राजे यांच्या निधनानंतर नामधारी राज्यही संपले. तख्त गेले, ग्रंथ राहिले. तमिळ, तेलुगू, संस्कृत ग्रंथांच्या शेजारी तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते तेथे नांदत आहेत.

आपण सारे बदलीच्या, नोकरीच्या, व्यापाराच्या निमित्ताने घरापासून दूर आलो. मुले इथली भाषा बोलू लागली, याचा आम्हांस आनंदच आहे. मात्र आजीचे पत्र त्यांना वाचून दाखवावे लागते, तेव्हा मन खिन्न होते. सरफोजींनी परभाषांकडे पाठ फिरविली नाही आणि मराठीचा हातही सोडला नाही. मंडळाच्या कपाटातील पुस्तके पुढील पन्नास वर्षे नुसती राखावयाची की मुलांच्या हाती द्यावयाची, हे आता आपणच ठरवावयाचे आहे.