दासीपुत्र पूर्ण आणि आपली जबाबदारी

दरवर्षी २ जानेवारीला मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना अभिवादन केले जाते. १९४३ साली याच दिवशी इंग्रजांच्या पोलिसांशी झुंजताना ते येथे शहीद झाले. ही आठवण जपलीच पाहिजे. परंतु याच डोंगररांगेत, सिद्धगडाच्या उत्तरेला नाणेघाट आहे. सोपारा बंदरातला माल कल्याणवरून या घाटाने जुन्नरकडे जात असे. या वाटांनी व्यापाऱ्यांबरोबर भिक्खूही चालले. त्या सोपाऱ्याचे स्थविर पूर्ण आज आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

पूर्ण यांची जीवनकथा दिव्यावदान या बौद्ध ग्रंथात येते. सोपाऱ्याचा श्रीमंत व्यापारी भव आजारी पडला, तेव्हा बायकामुलांनी त्याला वाऱ्यावर सोडले. घरातल्या दासीने मात्र औषधपाणी करून त्याला वाचवले. त्याच दासीच्या पोटी पूर्ण जन्मले. बाप गेल्यावर सावत्र भावांनी वाटणी केली. दासीच्या मुलाला वाटा कसला? त्यालाच मालमत्तेत धरले! पण पूर्ण खचले नाहीत. चंदनाच्या व्यापारात ते स्वकर्तृत्वाने वर आले आणि सहा वेळा समुद्रसफर करून सुखरूप परतले. सातव्या सफरीत श्रावस्तीचे व्यापारी सोबत होते. ते रोज पहाटे बुद्धवचनांचा पाठ करीत. तो कानी पडला आणि पूर्णांचे जीवनच पालटले. संपत्तीचा मोह सोडून ते श्रावस्तीला गेले आणि भिक्खू झाले.

पुढे त्यांनी सुनापरान्तात जाण्याची अनुमती मागितली. हा प्रदेश म्हणजे आपलाच कोकणपट्टा, असे अनेक अभ्यासक मानतात. तेथील लोक तापट म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी शिव्या दिल्या तर, मारले तर, जीवच घेतला तर काय कराल, असे तथागतांनी एकेक करून विचारले. प्रत्येक वेळी पूर्णांच्या उत्तरात क्षमाच होती. तथागतांनी अनुमती दिली. पाली पुण्णोवाद सुत्तानुसार त्याच वर्षावासात पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका धम्मात आल्या. स्त्रियांची संख्या पुरुषांइतकीच आहे, हे आम्हाला विशेष वाटते.

पूर्णांनी ग्रंथ लिहिला नाही. मग धम्म टिकला कसा? माणसांनी माणसांना सांगितला म्हणून. चीनमध्ये कन्फ्यूशियसची शिकवण शिष्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी राखली, तसेच येथे घडले. सम्राट अशोकाच्या काळात धम्मरक्खित नावाचे यवन भिक्खू अपरान्तात आले, असे महावंस सांगतो. सोपाऱ्यात अशोकाचे शिलालेख कोरले गेले. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एक स्तंभ सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाचे दान आहे. भाणक म्हणजे धम्म मुखोद्गत करून लोकांना ऐकवणारा.

ही साखळी तुटली तेव्हा काय झाले? सोपाऱ्याचा स्तूप कोणाचा, हेच लोक विसरले. त्याला बुरुड राजाचा कोट म्हणू लागले! १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केले, तेव्हा आतून बुद्धमूर्ती निघाल्या. दगड जागेवरच होते. सांगणारी माणसे उरली नव्हती.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला आणि ६ डिसेंबरला ते गेले. त्यांचा बुद्ध आणि धम्मावरील ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो आपल्या घरात आहे, पण किती घरांत मोठ्याने वाचला जातो? विहारे बांधली, पुतळे उभारले, जयंत्याही थाटात होतात. परंतु शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर जाऊन दोन शब्द समजावून सांगणारे भाणक आपल्यात किती? एका दासीपुत्राने जिवाची पर्वा न करता जे काम केले, ते करायला आपल्याला तर रविवारची एक सकाळ पुरेशी आहे. ती आपण देणार आहोत का?