पंडिता रमाबाई : सर्वांना एका पंगतीत बसवणारी माउली



आपल्या उजनीकाठच्या गावांतून, जेऊर किंवा पारेवाडीहून रेल्वेने पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव स्टेशन लागतं. गाडी तिथून निघून जाते, पण या गावाची ओळख मुलांना जरूर करून द्यावी. कारण इथेच पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदन उभं केलं.

जन्म व बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सध्याच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं. बाईमाणसाला संस्कृत शिकवणं त्या काळी लोकांना मुळीच पटत नसे. पुढे आईनेच रमाबाईंना शिकवलं. तीर्थयात्रा करत फिरणारं हे कुटुंब दुष्काळात सापडलं आणि आई, वडील, थोरली बहीण एकामागून एक गेले. रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी तिची विद्वत्ता पाहून तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

१८८० साली त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलांशी लग्न केलं. दोन वर्षांतच ते वारले. लहानगी मनोरमा कडेवर घेऊन रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला.

विचार कसा बदलला?

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथे समाजाने वाईट ठरवलेल्या बायकांची सेवा करणारं एक घर त्यांनी पाहिलं. हे का करता, असं विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली. यहुदी लोक शोमरोनी लोकांशी संबंध ठेवत नसत. तरी येशूने विहिरीवर त्या बाईकडे प्यायला पाणी मागितलं. पाण्यावरून माणसं वेगळी काढणं आपल्या गावांना नवीन नाही, म्हणून ही गोष्ट आपल्या मुलांना लगेच कळते. त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

पण म्हणून तिथलंही सगळं त्यांनी मुकाट मान्य केलं नाही बरं का! बाईने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं बिशपांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. भेदभाव आपला असो की परका, तो त्यांना चालत नसे.

शारदा सदन ते मुक्तिसदन

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. ते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होतं. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. पुण्यात आल्यावर धर्मांतराच्या आरोपावरून मोठा वाद झाला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई खचल्या नाहीत.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. स्वतः दुष्काळात आईवडील गमावलेली बाई ती! आता जात विचारायला वेळ नव्हता. केडगावला सगळ्या जातींच्या मुली, अंध, आजारी, वृद्ध आणि समाजाने टाकलेल्या बायका एकत्र राहू लागल्या. १९०० च्या सुमारास ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. नुसतं जेवण नव्हे, तर विणकाम, शेती, छपाई अशी कामंही त्यांना शिकवली. रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते या मुलींनीच छापलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचं निधन झालं. संस्था आजही सुरू आहे.

आपण काय घ्यावं?

धर्म कोणताही असो, समोरचा माणूस आधी माणूस आहे, हे रमाबाईंनी कृतीतून दाखवलं. आपल्या वर्गात मासेमारी करणाऱ्यांची, ऊसतोड कामगारांची, शेतकऱ्यांची मुलं शेजारी बसतात. पोषण आहाराच्या ओळीत कोण कुणाशेजारी बसतं, कुणाला मागे ठेवलं जातं, हे शिक्षकांनी रोज पाहावं. आणि पालकांनो, घरी मूल मित्राचं नाव सांगतं तेव्हा त्याचं आडनाव विचारण्याआधी, तो जेवला का, हे विचारूया.

मुलांना विचारा :
१) येशूने पाणी मागितलं, यात विशेष काय होतं?
२) केडगावला रमाबाईंनी मुलींना जेवणाबरोबर काम का शिकवलं असेल?
३) आपल्या वर्गात कोण एकटं बसतं? उद्या त्याच्याशेजारी कोण बसेल?