चौघांची वही

आमच्या होस्टेलच्या रूमवर एक दोनशे पानी वही आहे. त्यात आम्ही चौघं 'फँटास्टिक फोर'च्या पुढच्या गोष्टी रचतो. पण आमचे चारही हीरो सारखंच बोलायचे, सारखंच लढायचे. चुकतंय कुठे, ते जॅक कर्बीबद्दल वाचलं तेव्हा कळलं.

१९१७ साली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तीत त्याचा जन्म झाला. वडील कपड्यांच्या कारखान्यात कामगार. पोरगा गल्लीतल्या मारामाऱ्या करत वाढला आणि चित्रं काढत राहिला. १९४१ मध्ये जो सायमनच्या जोडीने त्याने 'कॅप्टन अमेरिका' आणला. पुढे महायुद्धात पायदळात गेला. युरोपातल्या थंडीत पाय गमावता गमावता वाचले.

१९६१ मध्ये स्टॅन लीबरोबर 'फँटास्टिक फोर' आलं. हे चौघं घरच्यांसारखे भांडतात. दगडी अंगाचा बेन ग्रिम चिडतो, रुसतो, पण संकट आलं की सगळ्यात पुढे! हा बेन म्हणजे गल्लीतला कर्बीच. टीम जिवंत होते ती स्वभावांमुळे, नुसत्या शक्तींमुळे नाही.

त्याची स्वतःची टीम मात्र टिकली नाही. श्रेय आणि पैसा यांवरून बिनसलं, १९७० मध्ये त्याने मार्व्हल सोडलं. १९९४ मध्ये तो गेला. वारसांचा कंपनीशी वाद मिटायला २०१४ उजाडलं.

हे वाचून मी आमची वही काढली. कव्हरवर फक्त माझं नाव! लाजच वाटली राव. त्याच रात्री उरलेली तीन नावं लिहून टाकली.