टॅक्स वाचवायला लोक घरीच गाडी जोडायचे आणि त्यावरच लोटस कंपनी उभी राहिली

1957 साली ब्रिटनमध्ये एक छोटी, दोन सीटची, दरवाजे नसलेली स्पोर्ट्‌स कार बाजारात आली. नाव लोटस सेव्हन. तयार गाडी घ्यायची तर टॅक्ससकट 1036 पौंड मोजावे लागायचे. तीच गाडी सुट्या भागांत घेतली, तर फक्त 536 पौंड.

गाडी तीच आणि कंपनीही तीच, पण किमतीत 500 पौंडांचा फरक. घरी जोडायची तयारी असेल, तर जवळपास निम्म्या पैशात काम व्हायचं.

हा फरक काही कंपनीने दिलेला डिस्काउंट नव्हता. तो सरकारी टॅक्समधल्या एका फटीमुळे पडला होता, आणि ती फट ज्याने सगळ्यात हुशारीने वापरली त्या गड्याचं नाव कॉलिन चॅपमन. फॉर्म्युला वनच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या डिझायनरांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं. पण त्याच्या धंद्याची सुरुवात झाली ती ग्राहकांना अर्धवट गाड्या विकून.

सेकंडहँड गाड्यांचा दलाल

चॅपमनचा जन्म 19 मे 1928 चा, लंडनजवळच्या रिचमंडचा. वडील उत्तर लंडनमधल्या हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल नावाचा पब चालवायचे. पोरगा युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनला स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकायला गेला. पूल, इमारती, छताचे सांगाडे यांचं गणित शिकवणारी ही शाखा. गाड्यांशी तिचा थेट संबंध नव्हता, पण पुढे त्याला सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला.

कॉलेजात असतानाच त्याने जोडधंदा सुरू केला. लंडनच्या वॉरन स्ट्रीटवर तेव्हा जुन्या गाड्यांचा बाजार भरायचा. चॅपमन आणि त्याचा मित्र तिथे गाड्या घ्यायचे, थोडी डागडुजी करायचे आणि नफ्यात विकायचे. युद्धानंतर नव्या गाड्या मिळत नव्हत्या, त्यामुळे जुन्यांना भाव होता.

आणि मग 1947 साली सरकारने खासगी गाड्यांचा पेट्रोलचा कोटाच बंद केला. पेट्रोल नाही म्हटल्यावर गाडी कोण घेणार? भाव कोसळले आणि दोघांना पडेल त्या किमतीत माल काढावा लागला. आधी कमावलेलं बहुतेक सगळं गेलं. हातात उरली ती कोणीच घेईना अशी एक जुनी ऑस्टिन सेव्हन.

ऑस्टिन सेव्हन ही त्या काळातली इंग्लंडमधली गरिबाची गाडी. चॅपमनने तिची बॉडी उतरवली आणि प्लायवूडवर ॲल्युमिनियमचा पत्रा चिकटवलेली नवी बॉडी स्वतः बनवली. विमानांत वापरतात तसा हा माल. हे सगळं चाललं होतं हेझल विल्यम्स या त्याच्या मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजमध्ये. 1948 साली तयार झालेली ती गाडी म्हणजे पहिली लोटस.

लोटस हेच नाव का, यावर आजही एकमत नाही. चॅपमन हेझलला लाडाने कमळाचं फूल म्हणायचा, म्हणून नाव पडलं असं सांगितलं जातं. खुद्द चॅपमनने याचा उलगडा कधी केला नाही.

पबमागचा तबेला आणि 25 पौंड

1 जानेवारी 1952 ला लोटस इंजिनिअरिंग सुरू झाली. जागा म्हणजे वडिलांच्या पबमागचा जुना तबेला, आणि भांडवल म्हणजे हेझलने दिलेले 25 पौंड. पोट भरायला चॅपमन दिवसा ब्रिटिश ॲल्युमिनियम कंपनीत नोकरी करायचा आणि संध्याकाळी तबेल्यात यायचा. 1954 मध्ये त्याचं आणि हेझलचं लग्न झालं.

त्या काळात इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांचे सुटे भाग जमवून स्वतःची रेसिंग कार बनवणाऱ्या हौशी पोरांची मोठी जमात होती. इंजिन भंगारातून मिळायचं, गिअरबॉक्सही मिळायचा. अडायचं ते चासीपाशी. जुन्या गाडीची चासी म्हणजे लोखंडाची जडशीळ शिडी. ती वजनाने भारी असायची, तरी वळणावर पिळवटायची.

चॅपमनने नेमकी तीच गोष्ट विकायला काढली. मार्क सिक्स या गाडीची चासी त्याने बारीक पोलादी नळ्यांची बनवली. रेल्वेच्या लोखंडी पुलाला जसे त्रिकोण असतात तशी नळ्यांची जोडणी. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. प्रत्येक नळीवर येणारा भार मोजायचा आणि त्याला पुरेल एवढीच जाडी ठेवायची, एवढं साधं तत्त्व. हा सांगाडा भरला जेमतेम 25 किलोचा. बाकी फोर्डचं किंवा एमजीचं इंजिन ज्याने त्याने आपापलं आणायचं आणि बसवायचं. अशा शंभराच्या आसपास गाड्या गेल्या.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सुट्या भागांत गाडी विकणं ही सुरुवातीला काही हुशार खेळी नव्हती, मजबुरी होती. इंजिनांचा साठा करायला पैसा नव्हता, की गाडी जोडायला माणसं नव्हती. सगळ्यात वेळखाऊ काम ग्राहकाच्या गळ्यात घातलं की कंपनी तबेल्यातूनही चालवता येत होती.

उलटं वाचायचं मॅन्युअल

आता वळूया त्या टॅक्सकडे. ब्रिटनमध्ये 1940 साली, युद्धाच्या धामधुमीत, पर्चेस टॅक्स लागू झाला. चैनीच्या वस्तूंवर तो जबर होता. सेव्हन आली तेव्हा गाड्यांवरचा टॅक्स घाऊक किमतीच्या निम्म्याहून जास्त होता. पण टॅक्स होता तयार गाडीवर, सुट्या भागांवर नाही. नळ्या, पत्रे, चाकं आणि इंजिन खोक्यात भरून दिलं, तर कायद्याच्या नजरेत ती गाडीच नव्हती.

अर्थात सरकारही डोळे मिटून बसलं नव्हतं. गाडी मालकाने स्वतः जोडली पाहिजे, पैसे देऊन मेकॅनिककडून जोडून घेतली तर टॅक्स लागेल, अशी अट होती. शिवाय खोक्यासोबत जोडणीच्या सूचना देता येत नव्हत्या. यावर एक किस्सा फार प्रसिद्ध आहे. लोटसने म्हणे गाडी खोलायची कशी याच्या सूचना दिल्या. ग्राहकाने त्या शेवटापासून सुरुवातीकडे वाचायच्या, की झाली गाडी तयार. किस्सा थोडा रंगवलेला असू शकतो, पण चॅपमनच्या डोक्याची चाल बघता त्यावर विश्वास बसतो.

मग प्रश्न यायचा ग्राहकापुढे. जोडायची की तयार घ्यायची?

1957 साली 500 पौंड ही साधी रक्कम नव्हती. तेवढ्यात दुसरी सेव्हन जवळपास घरात आली असती. त्यामुळे तरुण पोरं बिनधास्त खोकं मागवायची. नव्वदच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग आणून कॉम्प्युटर असेंबल करणाऱ्यांना हे गणित लगेच कळेल.

सेव्हनच्या बाबतीत अवघड कामं आधीच झालेली असायची. चासीचं वेल्डिंग कारखान्यात व्हायचं, पत्रे बसवलेले यायचे. घरी राहायची ती नटबोल्टची कामं: इंजिन आणि गिअरबॉक्स बसवणं, सस्पेन्शन, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग. ऐकायला सोपं, पण ब्रेकच्या नळीत हवा राहिली किंवा स्टिअरिंगचा एखादा बोल्ट सैल राहिला तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. ज्याला पाना नीट धरता येत होता त्याच्यासाठी हा सौदा उत्तम. ज्याला येत नव्हता, त्याला कायद्याने मेकॅनिकही लावता येत नव्हता. अशा माणसाने जास्तीचे पैसे मोजून तयार गाडी घेणं हाच शहाणपणा होता.

जोडणाऱ्याला आणखी एक फायदा मिळायचा, जो पैशात धरला जात नाही. स्वतः जोडलेली गाडी तो स्वतः दुरुस्त करू शकायचा. आणि लोटस म्हटलं की दुरुस्ती आलीच.

सेव्हनचं वजन पाचशे किलोच्या आत होतं. आपल्याकडे त्याच सुमारास आलेल्या अँबेसिडरच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे साध्या फोर्ड इंजिनावरही ती भल्याभल्यांना मागे टाकायची. 1967 च्या द प्रिझनर या टीव्ही मालिकेत ती झळकली आणि मग तिला वेगळीच प्रसिद्धी मिळाली.

हलकेपणाची किंमत

किटच्या धंद्यातून गाडा चालू राहिला, पण चॅपमनचा जीव रेसिंगमध्ये होता. 1958 मध्ये लोटस फॉर्म्युला वनमध्ये उतरली. 1962 च्या लोटस 25 मध्ये त्याने नळ्यांचा सांगाडाच काढून टाकला आणि विमानासारखी पत्र्याची पोकळ बॉडी हीच चासी केली. पुढे सगळ्यांनी तीच वाट धरली. या बळावर जिम क्लार्कने 1963 आणि 1965 चं जगज्जेतेपद मिळवलं. टीम लोटसने एकूण सात वेळा कन्स्ट्रक्टर्स किताब घेतला.

पण प्रत्येक भाग पुरेल एवढाच जाड ठेवायचा, या तत्त्वाची दुसरी बाजूही होती. गणित थोडं चुकलं की भाग तुटायचा, आणि तो तुटायचा तेव्हा आत माणूस बसलेला असायचा. 1968 मध्ये जिम क्लार्क हॉकेनहाइमला गेला. त्या अपघाताचं कारण टायर असावं असं बहुतेक जण मानतात, पण चॅपमन त्या धक्क्यातून पुरता सावरला नाही असं त्याला ओळखणारे सांगायचे. 1969 मध्ये बार्सिलोनात ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही गाड्यांचे विंग एकाच शर्यतीत मोडले. जखमी रिंटने चॅपमनला पत्र लिहून गाड्या मजबूत करायची विनंती केली. त्यासाठी वजन थोडं वाढलं तरी चालेल, असं त्याचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी, 5 सप्टेंबर 1970 ला, मोन्झाच्या सरावात रिंटचा मृत्यू झाला. ब्रेकचा शाफ्ट तुटला असं मानलं जातं. त्याचे गुण कोणी ओलांडू शकलं नाही आणि तो मरणोत्तर जगज्जेता ठरला.

घरी बसून ब्रेकच्या नळ्या जोडणाऱ्या हौशी ग्राहकाला आणि रिंटला एकाच माणसाच्या गणितावर विश्वास ठेवावा लागत होता.

किटचा धंदा संपला

तिकडे धंद्याचं चित्र बदलत होतं. 1962 च्या शेवटी सरकारने गाड्यांवरचा टॅक्स 25 टक्क्यांवर आणला. टॅक्स कमी झाला की किटचा फायदाही कमी होतो. 1966 मध्ये लोटस नॉरफोकमधल्या हेथेलला, हवाई दलाच्या जुन्या तळावर गेली. 1968 मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. कारखाना मोठा झाला होता. गाडी जोडायला आता माणसं आणि जागा दोन्ही होत्या, आणि चॅपमनला श्रीमंत ग्राहक हवा होता. अशा ग्राहकाला रविवारी ग्रीसने हात काळे करण्यात रस नसतो. घरी जोडलेली गाडी बिघडली की दोष जोडणाऱ्याचा असला तरी नाव लोटसचं खराब व्हायचं, ही डोकेदुखी वेगळीच.

1 एप्रिल 1973 ला पर्चेस टॅक्स जाऊन व्हॅट आला. तो सुट्या भागांवरही लागत होता. फट बुजली. सेव्हन बनवण्याचे हक्क लोटसने त्याच वर्षी केटरहॅम या आपल्या डीलरला देऊन टाकले. टॅक्सचा फायदा उरला नसतानाही केटरहॅमकडून सेव्हन किटमध्ये घेणारे लोक पुढे अनेक दशकं मिळत राहिले.

शेवटचं प्रकरण

1978 मध्ये लोटस 79 आली. गाडीखालून जाणाऱ्या हवेचा उपयोग करून ती रस्त्याला अक्षरशः चिकटून राहायची. मारिओ आंद्रेती तिच्यावर जगज्जेता झाला. चॅपमनचा हा शेवटचा मोठा विजय.

त्याच वर्षी जॉन डीलोरियनशी करार झाला. बेलफास्टजवळ ब्रिटिश सरकारच्या पैशातून गाड्यांचा कारखाना उभा राहत होता आणि गाडीचं इंजिनिअरिंग लोटसने करायचं होतं. गाडी तयार झाली, पण 1982 मध्ये डीलोरियनची कंपनी बुडाली. हिशेब तपासताना लक्षात आलं, की इंजिनिअरिंगसाठी म्हणून काढलेले 1 कोटी 76 लाखांहून जास्त डॉलर जीपीडी नावाच्या, जिनिव्हातून चालणाऱ्या कंपनीत गेले आणि तिथून भलतीकडेच वळले.

चौकशी चालू असतानाच, 16 डिसेंबर 1982 ला, चॅपमन हार्ट अटॅकने गेला. वय अवघं 54. तो मेलाच नाही, ब्राझीलला पळाला, अशा अफवा कितीतरी वर्षं फिरत राहिल्या. त्यांना पुरावा कधीच मिळाला नाही.

1992 मध्ये लोटसचा आर्थिक कारभार पाहणारा फ्रेड बुशेल या प्रकरणात दोषी ठरला आणि त्याला तीन वर्षांची कैद झाली. चॅपमन जिवंत असता तर त्याला किमान दहा वर्षं आत काढावी लागली असती, असं न्यायाधीशांनी तेव्हा सुनावलं.